शंभर छायाचित्रांची पेटी
कोडॅक कॅमेऱ्याचे जनक जॉर्ज ईस्टमन यांची जीवनकथा

छायाचित्रणाचा शोध १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाला आणि अवघ्या दीड दशकात ही कला मुंबईपर्यंत येऊन पोहोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सदस्यांपैकी एक होते. त्याच वर्षी, १२ जुलै रोजी, अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात वॉटरव्हिल नावाच्या लहानशा गावात जॉर्ज ईस्टमन यांचा जन्म झाला. छायाचित्रण ही तेव्हा मोजक्या जाणकारांची विद्या होती. ती घराघरांत नेण्याचे काम या मुलाच्या हातून व्हायचे होते.

ईस्टमन यांची ओळख सामान्यतः संशोधक किंवा उद्योगपती अशी करून दिली जाते. या दोन्ही ओळखी योग्यच आहेत. पण त्यांच्या यशाचे खरे मर्म एका निर्णयात आहे. आपल्या पहिल्या लोकप्रिय कॅमेऱ्यात काय असावे आणि त्याहीपेक्षा काय नसावे, हे त्यांनी १८८७-८८ या काळात ठरवले. त्या निर्णयामागे दहा वर्षांचे कष्ट होते, एक सपशेल फसलेला कॅमेरा होता आणि बुडण्याची भीती असलेला एक कारखाना होता.

अकाली अंगावर पडलेली जबाबदारी

ईस्टमन यांचे वडील जॉर्ज वॉशिंग्टन ईस्टमन यांनी रॉचेस्टर शहरात हिशेबलेखन आणि व्यापारी शिक्षण देणारी शाळा काढली होती. १८६२ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा जॉर्ज अवघे सात वर्षांचे होते. घरात आई मारिया आणि दोन मोठ्या बहिणी. त्यांतील एक बहीण पोलिओने अपंग झालेली. आईने घरात पैसे घेऊन राहणारी माणसे ठेवली आणि त्यांच्या जेवणखाण्याची व्यवस्था करून संसार चालवला. आईचे हे कष्ट ईस्टमन आयुष्यभर विसरले नाहीत.

चौदाव्या वर्षी शाळा सोडून ते एका विमा कार्यालयात निरोप्याच्या कामाला लागले. पगार आठवड्याला ३ डॉलर. रात्री घरी बसून त्यांनी हिशेबलेखनाचा अभ्यास केला आणि १८७४ साली रॉचेस्टर सेव्हिंग्ज बँकेत कनिष्ठ कारकुनाची जागा मिळवली. आता पगार आठवड्याला १५ डॉलर झाला. लहानपणापासून त्यांना खर्चाची काटेकोर नोंद ठेवण्याची सवय होती आणि मिळकतीतून काही ना काही शिल्लक टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

१८७७ साली त्यांनी कॅरिबियन बेटांवरील सांतो दोमिंगो येथे जाण्याचा बेत आखला. प्रवासाची छायाचित्रे काढावीत, असे एका सहकाऱ्याने सुचवले म्हणून त्यांनी छायाचित्रणाचे साहित्य विकत घेतले. तो काळ ओल्या काचेच्या पद्धतीचा होता. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि थर वाळण्यापूर्वी काच धुऊन काढायची. त्यामुळे घराबाहेर चित्र काढायचे झाले, तर मोठा कॅमेरा, जड तिवई, रसायनांच्या बाटल्या, काचेची भांडी, पाण्याचा साठा आणि अंधारासाठी तंबू एवढा पसारा बरोबर न्यावा लागे. ईस्टमन यांनी पैसे भरून हे तंत्र शिकून घेतले. सांतो दोमिंगोचा प्रवास मात्र राहूनच गेला. एका माणसाला एक चित्र काढण्यासाठी एवढे ओझे का वाहावे लागते, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घर करून बसला.

स्वयंपाकघरातील प्रयोगशाळा

इंग्लंडमध्ये जिलेटिनचा थर दिलेल्या कोरड्या काचा तयार होऊ लागल्याचे त्यांनी तिकडच्या नियतकालिकांत वाचले. दिवसभर बँकेत काम आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात रसायनांचे प्रयोग, असा क्रम सुरू झाला. अनेकदा ते थकून शेगडीजवळच झोपी जात. काचांवर एकसारखा थर देणारे यंत्र त्यांनी तयार केले आणि १८७९ साली लंडनला जाऊन त्याचे पेटंट घेतले. १८८० साली अमेरिकेतील पेटंटही मिळाले. त्याच वर्षी रॉचेस्टरमध्ये एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्याची जागा घेऊन त्यांनी कोरड्या काचांचे उत्पादन सुरू केले. आईकडे पूर्वी राहिलेले हेन्री स्ट्राँग हे व्यावसायिक १८८१ साली भागीदार म्हणून आले आणि त्याच वर्षी ईस्टमन यांनी बँकेची नोकरी सोडली.

पाठोपाठ मोठे संकट कोसळले. विकलेल्या काचा काही काळाने निकामी होत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. ईस्टमन यांनी खराब काचा परत घेतल्या आणि ग्राहकांना बदलून दिल्या. नव्या कंपनीचे कंबरडे मोडावे असाच हा खर्च होता. दोष जिलेटिनच्या पुरवठ्यात आहे, हे बऱ्याच खटपटीनंतर उमगले आणि मगच उत्पादन पुन्हा रुळावर आले. बाजारात आणलेल्या वस्तूची जबाबदारी ती विकून संपत नाही, हा धडा त्यांना पहिल्याच उत्पादनाने दिला.

फसलेला पहिला प्रयत्न

काच फुटते आणि जड असते. तिच्याऐवजी कागदाची लांब गुंडाळी वापरावी, या विचाराने ईस्टमन यांनी विल्यम वॉकर यांच्या साह्याने गुंडाळी बसवण्याची चौकट तयार केली. ती कोणत्याही प्रचलित कॅमेऱ्याला मागून लावता येत असे. तिच्यासाठी त्यांनी १८८५ च्या सुमारास एक नवी फिल्म बाजारात आणली. कागदावर विरघळणाऱ्या जिलेटिनचा एक थर आणि त्यावर प्रकाशसंवेदी थर, अशी तिची रचना होती. चित्र उमटवल्यानंतर कोमट पाण्याने कागद अलगद सोलून काढायचा आणि उरलेला नाजूक पापुद्रा दुसऱ्या पारदर्शक पत्र्यावर चिकटवायचा, अशी ती कृती होती.

ईस्टमन यांचा अंदाज असा होता की, व्यावसायिक छायाचित्रकार या सोयीवर उड्या टाकतील. तसे घडले नाही. व्यावसायिकांना काचेवरील चित्राची स्पष्टता हवी होती आणि त्यांना ओझ्याची सवय होती. हौशी मंडळींना ओझे नको होते. पण पापुद्रा सोलण्याचे कसब त्यांच्या हाताला नव्हते. नवी फिल्म या दोघांच्या मध्येच अडकली. तिच्यावर कंपनीने बराच पैसा लावला होता. तिला गिऱ्हाईक मिळाले नाही, तर पुढचा मार्ग खुंटणार हे उघड होते.

या अडचणीतून वाट काढण्यासाठी स्वतःचाच कॅमेरा तयार करण्याचे ठरले. हातात धरून वापरण्याच्या पेटीसारख्या कॅमेऱ्यांना तेव्हा डिटेक्टिव्ह कॅमेरा म्हणत. ईस्टमन आणि त्यांचे सहकारी फ्रँकलिन कॉसिट यांनी १८८६ साली अशा एका कॅमेऱ्याचे पेटंट घेतले. तो बुद्धीची करामत म्हणावा असा होता. परंतु त्याची झडप, म्हणजे शटर, अतिशय गुंतागुंतीचे होते. प्रत्येक नग तयार करायला वेळ आणि पैसा फार लागे. शिवाय घेतलेल्या चित्रांचे पुढे काय करायचे, हा ग्राहकाचा मूळ प्रश्न तसाच राहिला होता. जेमतेम पन्नासेक कॅमेरे तयार झाल्यावर ईस्टमन यांनी हे काम थांबवले आणि शिल्लक माल एका विक्रेत्याला देऊन टाकला.

काय ठेवायचे, काय वगळायचे

अपयशानंतर ईस्टमन यांनी प्रश्नच बदलला. उत्तम कॅमेऱ्यात काय काय असते, हा विचार त्यांनी बाजूला ठेवला. ज्याने आयुष्यात कधी छायाचित्र काढलेले नाही, अशा माणसाला कमीत कमी काय करावे लागेल, येथून त्यांनी सुरुवात केली. या कसोटीवर त्या काळी आवश्यक मानल्या गेलेल्या अनेक गोष्टी एकेक करून गळून पडल्या.

पहिली गोष्ट भिंगाची जुळणी. अंतराप्रमाणे भिंग पुढेमागे सरकवण्याची सोय त्यांनी काढून टाकली. रॉचेस्टरच्याच बॉश अँड लॉम कंपनीचे एक लघु अंतराचे भिंग पेटीत कायमचे बसवले. काही फुटांपलीकडचे सारे काही पुरेसे स्पष्ट दिसावे, अशी त्याची योजना होती. उजेडाप्रमाणे शटरचा वेग बदलण्याची सोयही ठेवली नाही. वेग एकच होता.

दुसरी गोष्ट दृश्य पाहण्याची काच, म्हणजे व्ह्यूफाइंडर. तीही वगळण्यात आली. त्याऐवजी पेटीच्या वरच्या चामड्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन रेषा उठवल्या. त्या रेषांच्या मध्ये जे येईल ते चित्रात येईल, एवढेच वापरणाऱ्याने समजून घ्यायचे. तिसरी गोष्ट मोजणीचा आकडा. किती चित्रे काढून झाली, हे सांगणारी व्यवस्था पेटीत नव्हती. ती नोंद ग्राहकाने स्वतः ठेवायची होती.

भिंगाच्या कडेला चित्र धूसर होत असे. हा दोष दूर करायचा तर महाग भिंग हवे आणि मग किंमत वाढणार. ईस्टमन यांनी त्यावर सरळ उपाय केला. चित्र चौकोनी न ठेवता गोल ठेवले. अडीच इंच व्यासाच्या त्या वर्तुळात धूसर कोपरे येतच नव्हते. कॅमेरा थोडा तिरका धरला गेला तरी गोल चित्रात ते फारसे खटकत नसे, हा त्याचा आणखी एक फायदा.

पेटीत काय राहिले, तर तीन साध्या क्रिया. दोरी ओढून शटर सज्ज करायचे, बटण दाबायचे आणि किल्ली फिरवून फिल्म पुढे सरकवायची. साधारण साडेसहा इंच लांबीची ही पेटी एका हातात सहज मावत असे. बंद पेटीत शंभर चित्रांची फिल्म कारखान्यातच भरलेली असे. चामड्याच्या पिशवीसह तिची किंमत २५ डॉलर ठेवण्यात आली. ईस्टमन यांच्या बँकेतील सुरुवातीच्या पगाराशी तुलना केली, तर ही जवळपास पावणेदोन आठवड्यांची कमाई होती. वस्तू स्वस्त नव्हती. पण मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेरचीही नव्हती.

या साऱ्यांत सर्वांत मोठा निर्णय पेटीबाहेरचा होता. शंभर चित्रे संपली की ग्राहकाने कॅमेरा जसाच्या तसा रॉचेस्टरला पाठवायचा. कारखान्यात फिल्म काढून धुतली जाई, चित्रे कागदावर छापून पुठ्ठ्यावर लावली जात, पेटीत नवी फिल्म भरली जाई आणि सारे काही ग्राहकाकडे परत येई. त्यासाठी १० डॉलर शुल्क होते. पापुद्रा सोलण्याचे अवघड काम नाहीसे झाले नव्हते. ज्यांना ते येत होते, अशा प्रशिक्षित कामगारांच्या हाती ते सोपवले गेले होते. ज्या फिल्मने हौशी ग्राहकाला दूर लोटले होते, तीच फिल्म आता त्याच्या नजरेआड राहून त्याची सेवा करू लागली. ज्यांना स्वतः रसायनांचे काम करायची हौस होती, त्यांना ती मोकळीक ठेवलेलीच होती.

येथे ईस्टमन यांनी मोठा धोका पत्करला होता. चित्रे बिघडली तर दोष ग्राहकाच्या हाताला देता येणार नव्हता. तो थेट कारखान्यावर येणार होता. कोरड्या काचांच्या संकटातून गेलेल्या माणसाला या जोखमीची पुरती जाणीव होती. तरीही सामान्य माणूस छायाचित्रणाकडे वळायचा असेल, तर ती जोखीम आपण उचलली पाहिजे, असे त्यांनी ठरवले.

एका शब्दाचा जन्म

नावाच्या बाबतीतही हाच काटेकोरपणा दिसतो. नाव लहान असावे, कोणत्याही भाषेत त्याचा उच्चार बिघडू नये आणि दुसऱ्या कशाशी त्याचे साम्य असू नये, अशा त्यांच्या अटी होत्या. इंग्रजी के हे अक्षर त्यांना ठसठशीत वाटे. आईच्या माहेरच्या किलबर्न या आडनावाचे ते आद्याक्षर होते. अक्षरांची जुळवाजुळव करता करता कोडॅक हा शब्द तयार झाला. त्याला अर्थ काहीच नव्हता. ४ सप्टेंबर १८८८ रोजी त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली. माहितीपुस्तिका लिहिण्याचे काम आधी एका जाहिरात लेखकाकडे दिले होते. पण त्याला कॅमेऱ्याचे मर्म कळले नाही, असे दिसताच ईस्टमन यांनी ती स्वतः लिहून काढली. बटण दाबण्याचे काम तुमचे आणि उरलेले सारे आमचे, या आशयाचे त्यांचे घोषवाक्य पुढे जगभर गाजले.

जुलै १८८८ मध्ये मिनियापोलिस येथील छायाचित्रकारांच्या अधिवेशनात हा कॅमेरा मांडण्यात आला आणि त्याला पदकही मिळाले. मूळ प्रतिकृतीचे सुमारे पाच हजार कॅमेरे तयार झाले. अनेक व्यावसायिकांच्या लेखी ही खेळण्यातली पेटी होती. त्यांच्या दृष्टीने ते चुकीचेही नव्हते. मात्र ज्यांच्या घरात तोवर मुलांचे, आजीचे किंवा अंगणाचे एकही चित्र नव्हते, त्यांना ते गोल चित्र अमूल्य वाटले.

वगळलेल्या गोष्टींचे पुनरागमन

पहिल्या कॅमेऱ्यात जे नव्हते, ते कायमचे वर्ज्य आहे, असा ईस्टमन यांचा हट्ट नव्हता. पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, शटरची रचना अधिक सोपी करण्यात आली आणि मोठ्या आकाराच्या दुसऱ्या प्रतिकृतीत व्ह्यूफाइंडर बसवण्यात आला. त्याच वर्षी रसायनतज्ज्ञ हेन्री रायकेनबाख यांनी तयार केलेली पारदर्शक फिल्म आली आणि पापुद्रा सोलण्याची कटकट संपली. थॉमस एडिसन यांच्या चलच्चित्राच्या प्रयोगांनाही याच लवचीक फिल्मचा आधार मिळाला. दिवसाच्या उजेडात फिल्म बदलण्याचे तंत्र दुसऱ्या एका कंपनीकडे होते. ती कंपनीच ईस्टमन यांनी १८९५ साली विकत घेतली. १९०० साली आलेल्या ब्राउनी कॅमेऱ्याची किंमत फक्त १ डॉलर होती. तो मुलांना डोळ्यांपुढे ठेवून केला होता. अवघ्या बारा वर्षांत किंमत पंचविसाव्या हिश्शावर आली होती.

या यशाला काळी किनारही होती. पारदर्शक फिल्मसाठी न्यूअर्कचे धर्मोपदेशक हॅनिबल गुडविन यांनी १८८७ सालीच पेटंटचा अर्ज केला होता. पेटंट मिळायला १८९८ साल उजाडले आणि दोन वर्षांनी गुडविन वारले. त्यांचे हक्क घेणाऱ्या कंपनीने कोडॅकला न्यायालयात खेचले. १९१४ साली निकाल कोडॅकच्या विरोधात गेला आणि ५० लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवावे लागले. मक्तेदारीविरोधी कायद्याखालीही कंपनीवर खटला झाला. समाजालाही या पेटीची झळ लागली. कोणीही कोणाचेही चित्र नकळत टिपू लागल्याने नवेच प्रश्न उभे राहिले. १८९० साली सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांनी खासगीपणाच्या हक्कावर लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात झटपट छायाचित्रांचा उल्लेख आहे, तो यामुळेच.

संपत्ती आणि अखेर

ईस्टमन अविवाहित राहिले. आईचे १९०७ साली निधन झाले, तेव्हा हा अबोल, शिस्तप्रिय माणूस पार कोलमडला. मिळवलेली संपत्ती त्यांनी हयातीतच वाटून टाकली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेला त्यांनी मिस्टर स्मिथ या टोपणनावाने देणग्या दिल्या. हा स्मिथ कोण, हे जगाला १९२० साली कळले. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या टस्कीगी आणि हॅम्प्टन या संस्था, रॉचेस्टरचे संगीत विद्यालय, तसेच रॉचेस्टरसह लंडन, पॅरिस, रोम, ब्रुसेल्स आणि स्टॉकहोम येथील मुलांचे दंतचिकित्सालय यांना त्यांचा मोठा हातभार लागला. कंपनीच्या नफ्यातील वाटा कामगारांना देण्याची पद्धत त्यांनी १९१२ साली सुरू केली आणि १९१९ मध्ये आपल्या मालकीच्या समभागांपैकी तिसरा हिस्सा कामगारांना दिला.

अखेरच्या वर्षांत मणक्याच्या विकाराने त्यांना जखडले. चालणे आणि उभे राहणेही कठीण झाले. १४ मार्च १९३२ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, रॉचेस्टरच्या राहत्या घरी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. ते घर १९४९ पासून छायाचित्रणाचे संग्रहालय म्हणून ओळखले जाते.

ईस्टमन यांच्या पश्चात कोडॅकने अनेक दशके जगावर राज्य केले. भारतातील लहानमोठ्या शहरांतही पिवळ्या खोक्यातील फिल्म आणि फोटो स्टुडिओवरील पिवळ्या पाट्या ओळखीच्या झाल्या. मराठी घरांतील लग्न, मुंज आणि बारशाच्या कितीतरी आठवणी त्या फिल्मवर उतरल्या. १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच प्रयोगशाळेत तयार झाला. पण फिल्मच्या नफ्यावर उभ्या असलेल्या कंपनीला फिल्म वगळण्याचे धाडस वेळेत झाले नाही. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. पुढच्या वर्षी त्यातून बाहेर पडलेली कंपनी पूर्वीच्या मानाने फारच लहान होती. ज्या संस्थापकाने काच, तिवई, व्ह्यूफाइंडर आणि अंधारखोली एकेक करून ग्राहकाच्या हातून काढून घेतली, त्याच्या वारसांना शेवटची एक वस्तू सोडवेना. आज खिशातील मोबाइलवर बोट ठेवून कोणीही चित्र काढतो, तेव्हा त्या साध्या क्रियेत १८८८ सालची ती चामडी पेटी अजून जिवंत असते.